मैत्री भावना: कठीण काळात ‘सर्वांचं भलं होवो’ म्हणून काय साधतं?

जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर पाच दिवस तोफा धडधडत होत्या. कित्येक माणसं मेली, लाखोंना घरदार सोडून पळावं लागलं. दोन्ही देश थेरवादी, म्हणजे जुने पालि ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या परंपरेचे बौद्ध. सीमेच्या अल्याड आणि पल्याड, दोन्हीकडच्या विहारांत एकच पालि सुत्त (बुद्धांचा उपदेश), मेत्त सुत्त, म्हटलं जातं: ‘सब्बे सत्ता भवन्तु सुखितत्ता’, सगळे जीव सुखी होवोत. मग इतकी शतकं हे म्हणून काय झालं, असं कोणी विचारलं तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचाही नाही. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेलं कोणीतरी आता अनेकांच्या ओळखीत असतं. शिबिराच्या शेवटी शिकलेली ‘मंगल मैत्री’ ते रोज करतात. विदर्भापासून पुण्या-मुंबईपर्यंतच्या विहारांत मैत्री भावनेचे वर्ग चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवला. आणि या सगळ्या काळात युक्रेन, गाझा, मणिपूर हातातल्या फोनवर येत राहिलं. बाहेर आग लागलेली असताना डोळे मिटून ‘सर्वांचं मंगल होवो’ म्हणणं ही पळवाट आहे का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. मात्र ते पटण्यासाठी ही साधना काय आहे आणि काय नाही, दोन्ही नीट पाहायला हवं.

हे सुत्त घाबरलेल्या माणसांसाठी होतं

मेत्त सुत्त म्हणजे सुत्तनिपात या जुन्या पालि ग्रंथातल्या दहा गाथा. त्यामागची कथा अट्ठकथेत, म्हणजे पालि ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत येते. काही भिक्खू वर्षावासासाठी हिमालयाच्या पायथ्याच्या एका रानात गेले. गावकऱ्यांनी कुट्या बांधून दिल्या. झाडांवर राहणाऱ्या देवतांना वाटलं, पाहुणे आहेत, दोन दिवसांत जातील. पण ही मंडळी तर पावसाळाभर मुक्काम ठोकणार असं दिसल्यावर त्यांनी रात्री भेसूर रूपं, किंकाळ्या, दुर्गंधी असं सगळं सुरू केलं. भिक्खूंची झोप उडाली, चेहरे पांढरे पडले, ध्यान तर बाजूलाच राहिलं. ते श्रावस्तीला परत आले आणि बुद्धांना म्हणाले, आम्हाला दुसरी जागा द्या.

बुद्धांनी दुसरी जागा दिली नाही. हे सुत्त शिकवलं आणि त्याच रानात परत पाठवलं.

देवतांवर आपला विश्वास असो वा नसो, या साधनेचा जन्म कुठे झाला असं परंपरा मानते ते यातून कळतं. ज्यांनी भीतीपोटी जागा सोडली त्यांना तिथे परत जाता यावं म्हणून ती दिली गेली. निवांत माणसाचा फावल्या वेळचा छंद म्हणून ती आलेली नाही.

सुत्ताच्या मांडणीतली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पहिल्या अडीच गाथांत ‘सुखी होवोत’ हे येतच नाही. तिथे सगळं वागण्याविषयी आहे: माणसानं सरळ असावं, बोलणं मऊ असावं, गर्व नसावा, थोडक्यात भागवावं, पोसायला कोणाला जड होऊ नये, जाणत्यांनी बोट ठेवावं असं क्षुद्र काही करू नये. ते झाल्यावर मग शुभेच्छा सुरू होते. थायलंड-कंबोडियाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. सुत्त तोंडपाठ असणं वेगळं आणि त्या अडीच गाथा अंगी बाणणं वेगळं. देशांचंही तेच.

मैत्री म्हणजे काय, आणि तिचा जवळचा शत्रू कोणता

बौद्ध परंपरेत मैत्री म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं ही इच्छा. पालित तिला मेत्ता म्हणतात. ती मनात पुन्हा पुन्हा जागवून सवयीची करायची, ही तिची साधना. उमाळा दाटून यावा, डोळे भरून यावेत अशी अपेक्षा नाही. समोरचा आवडायला हवा अशीही अट नाही. दुःखी माणसाचं दुःख सरावं असं वाटणं ही करुणा, दुसऱ्याच्या सुखानं आनंदणं ही मुदिता आणि काहीही झालं तरी मनाचा तोल न ढळू देणं ही उपेक्षा. या चौघींना मिळून ब्रह्मविहार म्हणतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच चार नावं याच क्रमानं येतात.

या साधनेचा सर्वांत बारकाईनं लिहिलेला जुना ग्रंथ म्हणजे पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी रचलेला ‘विसुद्धिमग्ग’. गोव्यातल्या साखवळच्या धर्मानंद कोसंबींनी याच ग्रंथाच्या संपादनासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं वेचली. बुद्धघोष सांगतात, मैत्रीला दोन शत्रू आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू द्वेष. तो लांबूनच ओळखू येतो. जवळचा शत्रू आसक्ती. ती मैत्रीसारखीच दिसते आणि म्हणून घरात घेतली जाते.

मुलाचं बरं व्हावं असं आईला वाटतं ती मैत्री. तो माझ्या मनासारखाच वागला तर त्याचं बरं होईल असं वाटायला लागलं की आसक्ती आत शिरली. हीच गोष्ट मोठ्या आकारात जात, धर्म, देश यांच्या बाबतीत होते. ‘आपल्या माणसांचं भलं होवो’ ही इच्छा उबदार असते, खरीही असते, पण ती एका रेषेपाशी थांबते आणि रेषेच्या पलीकडच्यांचं काही झालं तरी तिला चालतं. युद्धात उतरणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या मनात आपल्या माणसांविषयी हेच प्रेम असतं. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच सुत्त म्हटलं जात असूनही गोळी सुटू शकते. म्हणणाऱ्याच्या मनातल्या ‘सगळे’ या शब्दाला कुंपण पडलेलं असतं.

कुंपण पडलं आहे की नाही हे पाहायला बुद्धघोषांनी एक प्रसंग दिला आहे. तुम्ही, तुमचा जिवलग, एक अनोळखी माणूस आणि तुमचा वैरी असे चौघे बसला आहात. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला आम्हाला एक माणूस हवा आहे, कोणाला न्यायचं ते तुम्ही सांगा. वैऱ्याकडे बोट दाखवलं तर साधना कच्ची, हे उघडच आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असं म्हटलं तरीही ती कच्चीच, असं ते म्हणतात. चौघांपैकी एकालाही देऊन टाकावंसं वाटत नाही, स्वतःलाही नाही, तेव्हाच मधल्या भिंती पडल्या असं समजावं. स्वतःला झिजवून टाकणं म्हणजेच चांगुलपणा असं शिकून मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या बायकांनी तर हा प्रसंग मुद्दाम वाचायला हवा.

करायची कशी

पंधरा-वीस मिनिटं मिळतील अशी वेळ निवडावी. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीवर बसावं. आधी थोडा वेळ श्वासाकडे लक्ष द्यावं, मग मनात सावकाश काही वाक्यं म्हणावीत. पारंपरिक पालि वाक्यांचा अर्थ साधारण असा: मी वैरापासून मुक्त असो, द्वेषापासून मुक्त असो, क्लेशापासून मुक्त असो, मी सुखानं स्वतःला सांभाळत राहो. शब्द आपल्या बोलीत बदलून घेतले तरी चालतात. फक्त प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबावं आणि तसं खरंच व्हावं असं वाटू द्यावं. नुसती घोकंपट्टी झाली तर साधना तिथेच थांबते.

सुरुवात स्वतःपासून करायची. इथेच अनेकांना अडखळायला होतं, कारण आधी स्वतःचं सुख मागणं आपल्याला स्वार्थीपणाचं वाटतं. विहिरीवरचा पंप कोरडा असेल तर कितीही फिरवला तरी पाणी उचलत नाही, आधी वरून दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. ते पाणी वाया गेलं असं कुठलाच शेतकरी म्हणत नाही. बुद्धघोषांनी स्वतःला पहिलं स्थान दिलं त्याचं कारणही हेच: मला सुख हवंसं वाटतं, दुःखाची भीती वाटते, हे मी स्वतःत अनुभवलं की इतरांचंही असंच आहे हे मानायला पुरावा लागत नाही.

मग ज्यांच्याविषयी मनात सहज आदर आणि कृतज्ञता आहे अशा माणसाला आठवावं: एखाद्या शिक्षिका, एखादे काका. त्यानंतर जिवलग मित्र, मग तटस्थ माणूस, सर्वांत शेवटी वैरी. हा क्रम उगाच ठरवलेला नाही. फार लाडक्या माणसापासून सुरू केलं तर त्याच्या जराशा दुःखाच्या कल्पनेनंही रडू येतं. वैऱ्यापासून सुरू केलं तर राग उसळतो. निधन पावलेल्या माणसाला या साधनेसाठी निवडू नये असंही बुद्धघोष सांगतात. तिथे ध्यान साधत नाही, असं त्यांचं म्हणणं.

महाराष्ट्रात ही साधना प्रामुख्यानं दोन वाटांनी पोचली आहे. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेत आधी नऊ दिवस श्वास आणि शरीरावरच्या संवेदना पाहायच्या, मग दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मैत्री शिकवली जाते. त्यांच्या मते मन थोडं निवळल्याशिवाय शुभेच्छेला बळ येत नाही. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या (पूर्वीचा त्रैलोक्य बौद्ध महासंघ) पुण्यातल्या दापोडीसारख्या केंद्रांत ती पहिल्यापासून पाच टप्प्यांत शिकवतात: स्वतः, मित्र, तटस्थ, न आवडणारी व्यक्ती आणि मग सगळे. ज्यांना दहा दिवस घर सोडणं शक्य नाही त्यांना दुसरी वाट सोपी पडते.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या क्रमात सर्वांत मोलाचा टप्पा तटस्थ माणसाचा आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. सोसायटीचा वॉचमन, रोजच्या एसटीचा कंडक्टर, लोकलमध्ये समोर बसणारी, नावही माहीत नसलेली बाई. त्यांच्याविषयी प्रेमही नाही आणि रागही नाही. मनात त्यांना जागाच नाही. पाच मिनिटं अशा एका माणसाला आठवून पाहावं: याच्याही घरी कोणी आजारी असेल, यालाही रात्री झोप येत नसेल, याला सुख मिळो. सुरुवातीला कोरडं वाटतं. आणि मग लक्षात येतं की बातमीत ‘चाळीस ठार’ असं वाचून आपण पान उलटतो तेव्हा ती चाळीसही माणसं आपल्यासाठी अशीच तटस्थ असतात. परक्या देशातल्या मेलेल्यांविषयी आपल्याला काहीच का वाटत नाही, या प्रश्नावर काम करायची जागा वॉचमनपासून सुरू होते.

वैऱ्याचं भलं का चिंतायचं?

इथे बहुतेक जण थांबतात आणि ते साहजिक आहे. ज्यानं फसवलं, मारलं, घर जाळलं, त्याचं भलं होवो असं का म्हणायचं?

भलं म्हणजे काय याचा विचार केला की गाठ थोडी सैल होते. त्याचे बेत तडीला जावोत असं आपण म्हणत नाही. वाक्य असं आहे: तो वैरापासून मुक्त होवो. छळणाऱ्याच्या मनातलं वैर खरंच गेलं तर त्याच्या हातून छळही व्हायचा नाही. मराठी माणसाला हे नवं नाही. पसायदानात ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागत नाहीत:

जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥

खळ राहोत, त्यांच्यातला वाकडेपणा जावो. आपण लहानपणापासून शाळेत हात जोडून हे म्हटलं आहे, फक्त एखाद्या ठरावीक खळाचं नाव मनात धरून म्हटलेलं नाही. साधनेत तेवढीच भर पडते.

पण पहिल्याच दिवशी सर्वांत मोठा गुन्हेगार निवडू नये. ज्यानं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्याच्याऐवजी ज्याच्याशी पार्किंगवरून वाजतं त्या शेजाऱ्यापासून सुरू करावं. जमत नसेल तर काय करायचं, हे खुद्द बुद्धांनी अंगुत्तर निकाय या पालि ग्रंथातल्या एका सुत्तात सांगितलं आहे, आणि त्यातला समंजसपणा मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्याविषयी मनात डूख आहे त्याच्यासाठी ते पाच उपाय सांगतात: त्याच्याविषयी मैत्री जागवावी, किंवा करुणा, किंवा उपेक्षा, किंवा त्याला आठवूच नये, त्याच्याकडे लक्ष देऊ नये, किंवा ज्याचं कर्म त्याच्यापाशी असं मनाला समजावावं. चौथा उपाय पुन्हा वाचा. काही माणसांच्या बाबतीत त्यांचा विचार न करणं हीही साधनाच आहे. ज्यांना कोणी जबर दुखावलं आहे त्यांच्यावर ‘माफ कर, मैत्री दे’ असा दबाव आणणाऱ्यांनी हे सुत्त वाचावं.

म्हणजे अन्याय निमूट सोसायचा?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या अन्याय आला त्यांना वरच्यांनी ‘राग सोडा, प्रेम करा’ असं सांगणं हे अन्यायाला पांघरूण घालणं होऊ शकतं, हेही खरं.

पण महाराष्ट्रात मैत्रीचा आग्रह धरणारे सर्वांत मोठे विचारवंत कोण, ते आठवावं. १९२७ साली महाडच्या तळ्यावर हक्कासाठी उभे राहिलेले, आयुष्यभर कायद्यानं आणि चळवळीनं लढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धांवरील ग्रंथात त्यांनी लिहिलं की बुद्ध करुणेपाशी थांबले नाहीत. करुणा माणसांपुरती असते, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या लेपापेक्षा खोल जाणार नाहीत. हक्क कायद्यानं मिळवता येतात, पण शेजारच्या माणसाविषयी आपुलकी नसेल तर तो कायदा रोजच्या जगण्यात टिकत नाही, असा त्यांचा अनुभवाचा निष्कर्ष होता. लढा आणि मैत्री यांतलं एक निवडा, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

रस्त्यावर हे कसं दिसतं याचं एक उदाहरण म्यानमारमध्ये घडलं. ऑगस्ट २००७ मध्ये लष्करी सरकारनं इंधनाचे भाव एकदम वाढवले आणि गरिबांचं जगणं मुश्कील झालं. सप्टेंबरमध्ये हजारो भिक्खू यांगूनच्या रस्त्यांवर उतरले. ते चालताना मेत्त सुत्त म्हणत होते. त्याच वेळी त्यांनी भिक्षापात्रं उपडी केली, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांकडून दान घ्यायला नकार दिला. बौद्ध समाजात हा अतिशय कडक निषेध असतो, कारण दान नाकारलं की देणाऱ्याची पुण्याची वाटच बंद होते. तोंडात मैत्री आणि हातात उपडं पात्र: तुमचं वाईट व्हावं असं आम्हाला वाटत नाही, आणि तुमच्या या कृत्यात आम्ही सामील होणार नाही. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं.

सरकारनं बळाचा वापर करून ते आंदोलन चिरडलं. आणि त्याच देशात पुढच्या दहा वर्षांत काही भिक्खूंनी मुस्लिमांविरुद्ध विखारी प्रचार केला. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळून जावं लागलं. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. चीवर (भिक्खूंचं वस्त्र) आणि सुत्त यांनी माणूस आपोआप बदलत नाही. जवळचा शत्रू, ‘आपल्यां’विषयीची ती उबदार आसक्ती, विहारातही वाढू शकते.

मैत्रीनं गोळी थांबते का?

जुन्या ग्रंथांत मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत. शांत झोप लागते, सुखानं जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत, मन लवकर एकाग्र होतं, इथपर्यंत ठीक. पण त्यात आग, विष आणि शस्त्र बाधत नाही असंही आहे. हे पचायला कठीण आहे आणि ही शंका आजची नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना विचारतो: शस्त्र बाधत नाही म्हणता, मग जातककथेतल्या, मैत्रीत राहणाऱ्या साम कुमाराला बाण कसा लागला? नागसेन म्हणतात, तो गुण मैत्रीचा आहे, माणसाचा नाही. साम कुमारानं घडा उचलला त्या क्षणी त्याचं मन मैत्रीत नव्हतं. उत्तर चतुर आहे. माझं समाधान मात्र त्यानं होत नाही. मैत्रीला चिलखत समजणाऱ्याची फसगत होईल असंच मला वाटतं.

कंबोडियाचे भिक्खू महाघोसानंद यांच्या आयुष्याकडे पाहिलं की हे अधिक स्पष्ट होतं. पूर्वी ते बिहारमध्ये नालंदा इथे शिकायला आले होते. राजगीरला जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्याकडून त्यांनी शांतीच्या कामाचे धडे घेतले. हे फुजी गुरुजी म्हणजे १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींच्या आश्रमात राहिलेले भिक्खू. पुढे १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत कंबोडियात पंधरा ते वीस लाख माणसं मेली. भिक्खूंची चीवरं उतरवली गेली, विहार ओस पडले. महाघोसानंद तेव्हा थायलंडमध्ये होते, म्हणून वाचले. त्यांचे सगळे आप्त मारले गेले.

सीमेवर निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या तेव्हा ते तिथे गेले आणि त्यांनी मेत्त सुत्ताच्या प्रती वाटल्या. छावणीत बळी होते तसेच ख्मेर रूजचे सैनिकही होते. त्यांनी दोघांनाही दिल्या. धम्मपदातली ‘न हि वेरेन वेरानि’, वैरानं वैर कधी शमत नाही, ही गाथा ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि कित्येक वर्षांनी ते शब्द ऐकणारी माणसं रडत त्यांच्याबरोबर म्हणू लागली. १९९२ मध्ये त्यांनी निर्वासितांना बरोबर घेऊन सीमेवरून राजधानी नॉम पेन्हपर्यंत पायी यात्रा काढली, सुरुंग पेरलेल्या मुलुखातून. तिला धम्मयात्रा म्हणत. वर्षं सरत गेली तशा आणखी यात्रा निघाल्या. १९९४ च्या यात्रेत दोन सैन्यांच्या गोळीबारात सापडून एक भिक्खू आणि एक साध्वी मारल्या गेल्या.

म्हणजे गोळी थांबली नाही. पुढच्या वर्षी यात्रा मात्र पुन्हा निघाली. मैत्रीकडून अपेक्षा करायची असेल तर ही करावी: भीती आणि सूड यांच्या हाती आपला निर्णय जाऊ नये. वेदनेनं पिचलेल्या देशात हे थोडं नाही.

बातम्या बघवत नाहीत त्यांच्यासाठी

संवेदनशील माणसांची आजची तक्रार वेगळी असते. त्यांना फार वाटतं. गाझातल्या मुलाचा फोटो पाहिला की दिवस जातो आणि काही दिवसांनी ते बातम्याच बंद करतात. अशा माणसाला ‘आणखी मैत्री जागव’ सांगणं म्हणजे दुखऱ्या जागी बोट दाबणं नाही का?

जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधक ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांनी याच प्रश्नावर प्रयोग केले. दुसऱ्याचं दुःख स्वतःचं असल्यासारखं अनुभवण्याचा सराव दिलेल्या लोकांना त्रासदायक व्हिडिओ पाहताना अधिक क्लेश होऊ लागले. त्याच लोकांना नंतर मैत्री-करुणेचा सराव दिल्यावर दुःख दिसत असूनही मन सावरलं आणि मेंदूतला सक्रिय होणारा भागही वेगळा दिसला. प्रयोगातली माणसं थोडी होती, त्यामुळे फार मोठे दावे करू नयेत. पण त्यातला फरक घरीही पडताळता येतो. एक म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात बुडणं. दुसरं म्हणजे काठावर उभं राहून ‘याचं दुःख सरो’ असं मनापासून म्हणणं. पहिल्यात आपणच बुडत असतो, मग हात कोण देणार? अमेरिकेत बार्बरा फ्रेडरिकसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३९ नोकरदारांपैकी मैत्रीचा सराव करणाऱ्यांच्या मनातल्या प्रसन्न भावना आठवड्यागणिक हळूहळू वाढत गेल्या. हळूहळू, हे लक्षात ठेवावं. तीन दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नये.

एक सोपी पद्धत: बातमी वाचून झाली की फोन खाली ठेवावा. तीन श्वास घ्यावेत. बातमीतलं एक माणूस मनात आणावं आणि त्याच्यासाठी एक वाक्य म्हणावं. मग हातून काही होण्यासारखं असेल, मदतनिधीला पैसे, एखादं पत्र, एखादा मोर्चा, तर ते करावं. नसेल तर पुढची बातमी लगेच उघडू नये.

कोणी जपून करावी

खोल नैराश्य, जुना आघात, सतत स्वतःला दोष देणारं मन असेल तर ‘मी सुखी होवो’ हे वाक्यच टोचू शकतं. अशा वेळी स्वतःपासून सुरुवात करायचा हट्ट सोडावा. घरातलं मांजर, शेजारचं तान्हं मूल, अंगणातलं झाड, ज्याच्याविषयी आपसूक बरं वाटतं तिथून सुरू करावं आणि काही दिवस तिथेच राहावं. ध्यानात घाबरं व्हायला लागलं तर डोळे उघडून उठावं. त्यात हार नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या निवासी शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, शिबिरवालेही अर्जात हे विचारतात. साधना उपचारांची जागा घेत नाही. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ वर फुकट फोन लावता येतो आणि मराठीत बोलता येतं.

सुखाचे दिवस असतानाच सवय का लावायची

मज्झिम निकायात बुद्धांनी श्रावस्तीच्या वेदेहिका नावाच्या मालकिणीची गोष्ट सांगितली आहे. ती फार शांत, प्रेमळ अशी सगळीकडे कीर्ती होती. तिची दासी काली मोठी चतुर. तिच्या मनात आलं, बाई खरंच शांत आहेत, की मी कामं चोख करते म्हणून त्यांचा राग दिसत नाही? ती मुद्दाम उशिरा उठली. मालकीण चिडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर, आणखी शिव्या. तिसऱ्या दिवशी मालकिणीनं दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्तबंबाळ काली शेजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, पाहा तुमच्या शांत बाईंचं काम. बुद्ध भिक्खूंना सांगतात, गोड बोललं जातं तोवर सगळेच शांत असतात. कडू शब्द कानी पडल्यावर कळतं.

यात मला कालीची बाजू महत्त्वाची वाटते. आपली मैत्री खरी की नुसतं सगळं सुरळीत असल्याचा परिणाम, हे आपल्याकडे काम करणाऱ्यांना, आपल्यावर अवलंबून असलेल्यांना आपल्या आधी कळतं. जगातल्या युद्धांविषयी मैत्री करणाऱ्यानं घरच्या मोलकरणीला उशीर झाला त्या दिवशी आपलं मन काय करतं हेही पाहावं.

रोजची वेळ ठरलेली असली तर बरं, पण सुत्त तिच्यावर अडून बसत नाही. त्यात स्पष्ट म्हटलं आहे: उभं असताना, चालताना, बसलेलं असताना, झोप लागेपर्यंत पडून असताना हे स्मरण धरावं. स्टॉपवर एसटीची वाट पाहताना, रेशनच्या रांगेत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, समोर जे माणूस दिसेल त्याच्यासाठी एक वाक्य म्हणता येतं. महिनाभर असं करून पाहावं. एकट्यानं जमत नसेल तर जवळच्या विहारात मैत्री भावनेचा वर्ग कधी असतो ते विचारावं आणि दोन-चार वेळा तिथे जाऊन बसावं.